'द थर्ड मॅन'चा मूड नेमका येतो कशातून? शनिवारी मित्रांना दाखवायचाय

होम_मैदान:

नमस्कार मंडळी. 'द थर्ड मॅन' बघितला, १९४९ चा, दिग्दर्शक कॅरल रीड, लिहिलाय ग्रॅहम ग्रीननं, आणि तेव्हापासून तो डोक्यातनं जाईना झालाय. स्टोरी म्हणाल तर साधीच. स्वस्तातल्या काउबॉय कादंबऱ्या लिहिणारा हॉली मार्टिन्स, त्याला जुना मित्र हॅरी लाइम काम देतो म्हणून व्हिएन्नाला बोलावतो, हा पोचतो तर मित्र गाडीखाली सापडून गेलेला, म्हणजे हा थेट मयतीलाच हजर. मग विचारपूस करायला लागतो तर एकजण सांगतोय दोघांनी उचलून नेलं, बिल्डिंगचा रखवालदार म्हणतोय तिघं होते, आणि तो तिसरा कोण हे कुणी बोलायला तयार नाही. बस्स, एवढंच. आताच्या वेब सिरीजमध्ये याच्या चौपट गुंता असतोय, पण त्या संपल्या की संपल्या, हा मात्र झोपताना पण डोळ्यासमोर येतोय, ते रिकामे रस्ते, ते गोल जिने, कुणीतरी वरच्या खिडकीतनं बघतंय असं सारखं वाटणं.

तर विचारायचं असं की हा मूड नेमका बनवलाय कशानं? कॅमेरा सारखा एका बाजूला कललेला का? रस्ते ओले आहेत पण पाऊस पडताना तर कुठं दिसत नाही. म्युझिक ऐकलं तर खेळकर, एकच तारेचं वाद्य आख्ख्या पिक्चरभर, आणि पडद्यावर माणसं मरालीत. आणि लोक जर्मनमध्ये तावातावानं बोलतात त्याचं खाली भाषांतर येत नाही, ते मुद्दाम आहे का माझ्याकडची फाइल अर्धवट आहे?

दुसरं म्हणजे शनिवारी आमच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून आठ-दहा जणांना दाखवायचाय. कुणी यंत्रमागवाले, कुणी बँकेत, कुणी शिक्षक. काळापांढरा इंग्रजी पिक्चर म्हटल्यावर निम्मे जण मोबाइल काढून बसतील अशी भीती आहे आणि मला तर मनापासून वाटतंय की त्यांना हा आवडावा. सुरू करायच्या आधी काय सांगू, काय सांगू नको?

ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथनं खाली वाचू नका, सस्पेन्स फुटणार.


फ्लॅश_नको:

दादा, माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा धंदा, नवी पेठेत स्टुडिओ आहे, त्यामुळं मी फक्त उजेडाचं बोलतो, बाकीचं जाणकार सांगतील.

कॅमेरामन रॉबर्ट क्रास्कर. ह्याच कामाला त्याला काळ्यापांढऱ्या छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं. आता त्यानं केलंय काय ते बघा. आम्ही लग्नात चारी बाजूंनी लाइट मारतो, सॉफ्टबॉक्स लावतो, नाकाखाली सावली राहिली तरी गिऱ्हाईक तक्रार करतं. इथं सगळं उलटं. एकच जोरदार लाइट, तो पण उघडा, कडक, आणि माणसाच्या मागनं नाहीतर बाजूनं. समोरनं सावल्या भरून काढायचा लाइट रात्रीच्या सीनमध्ये जवळपास नाहीच. त्यामुळं अर्धा चेहरा अंधारात, आणि भिंतीवरची सावली कात्रीनं कापल्यासारखी. लाइटचं तोंड जेवढं लहान तेवढी सावलीची कड धारदार, आणि माणूस लाइटच्या जेवढा जवळ तेवढी भिंतीवरची सावली मोठी. हे दोन नियम कुठल्याही शिकाऊ पोराला माहीत असतात, पण त्याचा वापर कुठं करायचा हे क्रास्करला माहीत होतं. फुगेवाल्याचा सीन आठवा. पोलीस रात्री चौकात दबा धरून बसलेत, समोरच्या इमारतीवर एक अवाढव्य सावली सरकत सरकत येते, मजल्याच्या वर मजला चढत जाते, सगळ्यांचा श्वास अडकलेला, आणि कोपऱ्यावरनं येतो कोण तर फुगे विकणारा म्हातारा. आणि तो जात पण नाही, लपलेल्या पोलिसांना फुगा घ्या म्हणून मागं लागतो. आता हा सीन स्टोरीला लागत नाही, काढून टाकला तरी काही अडत नाही, पण मला विचाराल तर भीती कशी तयार करायची याचा तो आख्खा धडा आहे. सावलीला चेहरा नसतो, चेहरा आपण भरतो.

ओल्या रस्त्याचं. तो पाऊस नाही, शूटिंगला पाणी मारलेलं आहे. कोरडी फरशी उजेड चारी दिशांना विखरून टाकते, रात्री कॅमेऱ्यात ती नुसती काळी दिसते, काही कळत नाही. ओली केली की समोरनं येणारा उजेड थेट लेन्समध्ये येतो. म्हणून लाइट रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, कॅमेऱ्याकडं तोंड करून. मग रस्त्यातला एकेक दगड सुटा सुटा चमकतो आणि मधनं पळणारा माणूस पूर्ण काळा. हे आपल्याकडं पण करून बघता येतंय, रात्री दुकानं बंद झाल्यावर गल्लीत दोन बादल्या पाणी टाका, लांब टोकाला एक हॅलोजन, आणि मोबाइल जमिनीजवळ धरा. फरक लगेच दिसेल.

आणि शहर खरं आहे हे विसरू नका. १९४८ च्या शेवटी शेवटी व्हिएन्नात जाऊन शूटिंग केलंय, ते पडलेले वाडे, विटांचे ढिगारे सेट लावलेले नाहीत, महायुद्धातल्या बॉम्बनी पाडलेले आहेत.

आता गच्चीचं सांगतो आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. जिथं काळं हवं तिथं तो फक्त उजेड टाकत नाही, म्हणजे तुमचा काळा रंग तुमच्या पडद्यावर आधीच जेवढा अंधार आहे तेवढाच काळा. गच्चीवर रस्त्याचा एलईडी दिवा आला, शेजारच्यांची ट्यूब आली की सगळं राखाडी होणार. रंगीत पिक्चर त्यात निभावून जातो, हा नाही निभावणार. घरातली खोली घ्या, खिडक्यांना जाड चादरी लावा, आपल्या सोलापुरात चादरींना काय तोटा. पडद्याला पांढरी चादर लावणार असाल तर एकेरी नको, उजेड आरपार जातो, दुहेरी करा आणि मागनं काळं कापड. प्रोजेक्टरमध्ये डायनॅमिक किंवा व्हिव्हिड मोड असेल तर बंद, सिनेमा मोड ठेवा.


होम_मैदान:

भाऊ, हे लय कामाचं सांगितलंत. गच्ची कॅन्सल, आमच्या हॉलमध्येच घेतो, थोडं दाटीवाटीनं बसावं लागेल पण चालतंय. तो सावलीला चेहरा आपण भरतो हा मुद्दा तर मी लिहूनच ठेवलाय.


स्वरमंडळ_७:

म्युझिकचं मी सांगतो कारण मी स्वतः तारेचीच वाद्यं हाताळतो. ते वाद्य झिदर. वाजवणारा अँटन कारास, व्हिएन्नातल्या दारूच्या गुत्त्यांत वाजवून पोट भरणारा माणूस, सिनेमाशी काही संबंध नाही. रीडनं शूटिंगच्या वेळी त्याचं वाजवणं ऐकलं आणि नंतर सरळ लंडनला बोलावून आख्ख्या सिनेमाचं संगीत त्याच्याकडनं करून घेतलं. ती धून एवढी चालली की १९५० मध्ये अमेरिकेत विक्रीत पहिल्या नंबरवर होती.

आपल्याकडचे लोक ते ऐकून संतूर म्हणतात, पण संतूर कलमांनी वाजवतात, झिदर छेडतात. मांडीवर किंवा टेबलावर आडवं ठेवायचं, एका कडेच्या थोड्या तारांखाली पडदे असतात, सतारीला असतात तसे, त्या डाव्या हातानं दाबायच्या आणि उजव्या अंगठ्यातल्या नखीनं धून वाजवायची, आणि त्याच वेळी उजव्या हाताच्या बाकीच्या बोटांनी उरलेल्या मोकळ्या तारांवर साथ. म्हणजे धून पण तोच, खर्ज पण तोच, ठेका पण तोच. एकटा माणूस, आणि त्यातनं येणारा एकटेपणा पिक्चरला आपोआप मिळालेला आहे.

आता तुमचा प्रश्न की खेळकर का. मला वाटतं मुद्दा इथं आहे. त्या काळातल्या बाकीच्या पिक्चरमध्ये व्हायोलिनचा मोठा ताफा असायचा, तो आपल्याला सांगत असायचा की आता घाबरा, आता हळवे व्हा, सूर ताणून धरायचा आणि आपल्याला पण धरून ठेवायचा. छेडलेल्या तारेला ते जमत नाही, वाजली की विरली. त्यामुळं हे संगीत आपल्याला काय वाटून घ्यायचं ते सांगतच नाही. माणूस मेला तरी ते आपल्या चालीनं चाललंय, गुत्त्यात वाजत असतंय तसं, आणि त्या शहरानं तरी दुसरं काय केलं, युद्धात एवढी माणसं गेली आणि कॅफे परत सुरू झाले. हॅरी लाइमचा स्वभाव पण असलाच, वागायला गोड आणि आत काही लागत नाही. मला तर ती धून म्हणजे हॅरीच वाटतो, तो दिसायच्या कितीतरी आधीपासून तो सिनेमात फिरतोय. सुरुवातीची नावं येतात तेव्हा बघा, पडद्यावर फक्त झिदरच्या तारा आहेत आणि त्या थरथरतायत, वाजवणारा दिसत नाही. वाजवणारा न दिसणं हीच तर स्टोरी आहे.

आणि शेवटी गटारात पाठलाग आहे तिथं कान द्या. तिथला बराचसा भाग संगीताशिवाय आहे, पाण्याचा आवाज, बुटांचे आवाज, जर्मन हाका आणि त्यांचे पडसाद. इतका वेळ साथ करणारं वाद्य गप्प झालं की पोटात खड्डाच पडतो. शनिवारी स्पीकर बरा लावा, छोट्या ब्लूटूथ डब्यावर झिदर नुसतं कर्कश लागतंय, खर्ज ऐकूच येत नाही.


उत्तर_कसबा_अण्णा:

पिक्चर उत्तम आहे याबद्दल वाद नाही, पण कललेल्या कॅमेऱ्याचं जे कौतुक सगळीकडे चालतं त्याबद्दल माझं मत वेगळं आहे. तो प्रयोग थोडा अती झालाय. शहर बिघडलेलं आहे, हॉलीला काही सुधरत नाही, म्हणून चौकट वाकडी, हे पहिल्या वीस मिनिटांत कळतं. त्यानंतरसुद्धा जो कुणी दार उघडतो तो तिरकाच उभा. त्या वेळच्या लोकांनाही ते जाणवलं होतं, विल्यम वायलर या मोठ्या दिग्दर्शकानं पिक्चर पाहून रीडला पाणसळ, म्हणजे गवंडी सपाटी तपासायला वापरतात ती, भेट पाठवली होती, पुढच्या पिक्चरला कॅमेऱ्यावर ठेवत जा म्हणून. मला स्वतःला ही तिरकी चौकट रखवालदाराच्या आणि जिन्याच्या सीनमध्ये पटते, कारण तिथं धोका खरा आहे. साध्या बोलण्यात ती नको होती.

दुसरं म्हणजे ही उजेडाची भाषा आपल्याकडेही होती आणि फार ताकदीनं होती, ते तुमच्या मित्रांना जरूर सांगा, त्यांना पिक्चर परका वाटणार नाही. 'सीआयडी', १९५६, राज खोसला दिग्दर्शक, गुरुदत्त निर्माता, कॅमेरा व्ही. के. मूर्ती. पुढं 'कागज के फूल'मध्ये मूर्तींनी आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत घेऊन तो प्रसिद्ध झोत तयार केला. आणि मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग', १९६४, काशिनाथ घाणेकर आणि भावना. त्यावरून राज खोसलांनीच १९६६ मध्ये 'मेरा साया' केला. लोकांना 'मेरा साया' माहीत असतो आणि मूळ मराठी असल्याचं माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढच्या शनिवारी तो लावा.


हुतात्मा_तिसरी_घंटा:

अण्णा, नमस्कार. 'पाठलाग'ला माझा पूर्ण पाठिंबा. पण कॅमेऱ्याबद्दल एक बघा तुम्ही. पिक्चरचा शेवटचा शॉट सरळ आहे. दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा, मधनं स्मशानभूमीचा रस्ता, चौकट एकदम सपाट आणि समतोल. इतका वेळ सगळं कललेलं दाखवून शेवटी जेव्हा काही लपवायचं उरत नाही तेव्हा कॅमेरा सरळ झालाय. मधला तिरकेपणा थोडा जास्त झाला असेल, पण तो जास्त झालाय म्हणूनच हा सरळपणा अंगावर येतो असं मला वाटतं.

मी एकांकिका बसवतो, त्यामुळं माझं लक्ष एन्ट्रीवर. हॅरीचं काम करणारा ऑर्सन वेल्स सिनेमात तासभर नाहीच. एकशे चार मिनिटांचा पिक्चर आणि ज्याचं नाव पोस्टरवर आहे तो एवढ्या उशिरा येतो. पण त्या तासात एकही सीन असा नाही जिथं त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. हॅरीची प्रेयसी अ‍ॅना तर हॉलीला चुकून दोन-तीनदा हॅरीच म्हणते. म्हणजे प्रेक्षक त्याला बघायला आसुसलेला असतो आणि तो तर मेलेला आहे.

आता ती एन्ट्री बारकाईनं बघा. हॉली दारू पिऊन रात्री अ‍ॅनाच्या खोलीवर आलाय. तिथं एक मांजर आहे, हॉली दोरी हलवून तिला खेळवायला बघतो, ती ढुंकून बघत नाही. अ‍ॅना सहज म्हणून जाते की तिला फक्त हॅरीच आवडायचा. बोलणं पुढं जातं, आपण विसरून जातो. मांजर खिडकीतनं बाहेर पडते. कॅमेरा खाली रस्त्यावर, एका दाराच्या कोनाड्यात कुणीतरी उभा आहे, तोंड दिसत नाही, फक्त बूट. मांजर येते आणि त्या बुटाच्या नाडीशी खेळायला लागते. झालं. कुणी काही बोललं नाही, आणि ज्यानं ते मघाचं वाक्य ऐकलंय त्याच्या अंगावर काटा. हॉलीला अजून पत्ता नाही, आपल्याला कळलं. मग हॉली खाली येतो, कोनाड्यातल्या माणसावर आरडाओरडा करतो, त्या गोंगाटानं वरची बाई चिडून खिडकीतला दिवा लावते आणि तो उजेड पट्कन समोर पडतो, हॅरीच्या चेहऱ्यावर. आणि तो काय करतो तर हसतो. घाबरत नाही, पळत नाही, चोरी पकडल्यावर लाडकं पोरगं हसतं तसा. दिवा जातो, मध्ये एक गाडी आडवी येते, आणि तो गायब, राहतात फक्त पावलांचे आवाज आणि भिंतीवर पळणारी सावली. मी आमच्या पोरांना हा सीन थांबवून थांबवून दाखवतो, नाट्यमय एन्ट्री म्हणजे मोठा लाइट आणि मोठं म्युझिक नव्हे, आधी एक लहानशी गोष्ट पेरायची आणि विसरू द्यायची.

जर्मनचं. तुमची फाइल बरोबर आहे, ते मुद्दाम आहे. हॉलीला जर्मन येत नाही, मग आपल्याला तरी का कळावं. घरमालकीण गोधडी पांघरून पोलिसांशी भांडते, ती काय म्हणते ते कळलं नाही तरी ती कशामुळं चिडलीय ते कळतं. तेव्हा व्हिएन्नाचे चार वाटे झालेले, अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच, रशियन, मधला भाग चौघांचा मिळून, आणि एकाच जीपमध्ये चार देशांचे पोलीस. कुणाचं बोलणं कुणाला नीट समजत नाही अशी ती जागाच आहे. कुणीतरी हौशीनं जर्मन वाक्यांचंही भाषांतर घातलेल्या सबटायटलच्या फाइल फिरतात, ती चुकून लावू नका, निम्मी मजा जाईल. आणि सुरुवातीचं निवेदन ऐका, ब्रिटिश आवृत्तीत तो आवाज स्वतः कॅरल रीडचा आहे, अमेरिकन आवृत्तीत हॉलीचं काम करणाऱ्या जोसेफ कॉटनचा, आणि ती अकरा मिनिटांनी कापलेली आहे. ब्रिटिशच लावा.


जुळे_सोलापूरची:

सगळ्यांनी उजेड, संगीत, एन्ट्री सांगितलं, छानच सांगितलं, पण मी मेडिकलचं दुकान चालवते त्यामुळं माझ्या मनात हा पिक्चर दुसऱ्याच कारणानं रुतलाय आणि ते कारण इथं कुणी काढलंच नाही.

हॅरीचा धंदा काय आहे तर पेनिसिलिन. तेव्हा ते फक्त मिलिटरी हॉस्पिटलांत मिळतंय, तिथनं चोरून आणायचं, त्यात भेसळ करून पातळ करायचं आणि लोकांना अव्वाच्या सव्वा भावात विकायचं. ब्रिटिश पोलिसांचा मेजर कॅलोवे सांगतो की मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज, झालेल्या लहान मुलांना ते दिलं गेलं. आता पातळ अँटिबायोटिक म्हणजे नुसतं कमी गुणाचं औषध नव्हे हो. डोस अपुरा पडला की सगळे जंतू मरत नाहीत, जे तगतात ते त्या औषधाला दाद देईनासे होतात, मग नंतर चांगलं औषध मिळालं तरी उपयोग होईलच असं नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ मध्ये नोबेल घेताना भाषणात हाच धोका सांगितला होता, आणि ग्रीननं लगेच तीन-चार वर्षांत त्याच्यावर गुन्हेगार उभा केला. हिरे, सोनं, कागदपत्रं असलं काही न घेता औषध घेतलं, मला हे त्या लेखकाचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. सोनं चोरणाऱ्यावर आपण प्रेम करू शकतो. ह्याच्यावर पण करतो, आणि मग आपलीच आपल्याला शरम वाटते.

आणि ते दाखवलंय कसं बघा. हॉली डळमळलेला आहे, मित्राला पकडून द्यावं का नाही, विमान पकडून निघून जायच्या बेतात आहे. कॅलोवे वाटेत त्याला मुलांच्या वॉर्डात नेतो. एकही मूल दाखवत नाहीत. कॉट दिसतात, नर्स ये-जा करतायत, हॉलीचं तोंड दिसतं, तो एकेका कॉटमध्ये बघतोय. एका कॉटवरचं टेडी बेअर एक नर्स उचलते आणि टाकून देते. कळलं आपल्याला. भाषण नाही, रडारड नाही. मी रोज लेकरांची औषधं देते, आयांचे चेहरे बघते, मला तो सीन पहिल्यांदा पूर्ण बघवला नाही.

त्याच्या आधी पाळण्याचा सीन आहे. व्हिएन्नातल्या प्राटर बागेतला तो चाकासारखा आकाशपाळणा १८९७ चा आहे, युद्धात जळाला, परत उभा केला तेव्हा तीसच्या जागी पंधराच डबे लावले. त्या डब्यात हॅरी दार उघडून हॉलीला खालची माणसं दाखवतो आणि विचारतो की त्यातला एखादा ठिपका हलायचा थांबला तर तुला खरंच काही वाटेल का, एका ठिपक्याला अमुक इतके पैसे मिळाले तर नाही म्हणशील का. मला तेव्हा आपला गड्डा आठवला. जानेवारीत सिद्धेश्वरच्या यात्रेत होम मैदानावर मोठ्या पाळण्यात आपण वर जातो तेव्हा पहिलं काय करतो, खाली आपली माणसं शोधतो, आई कुठं उभी आहे, धाकटा कुठं गेला, सापडले की हात हलवतो. तेवढ्याच उंचीवरनं हॅरीला ठिपके दिसतात. आणि हे सगळं तो इतकं गोड बोलतो, मित्राच्या खांद्यावर हात टाकून, की खाली उतरेपर्यंत आपण पण त्याचं ऐकून घेतो. खाली उतरल्यावरचं ते स्वित्झर्लंडच्या कोकिळेच्या घड्याळाचं प्रसिद्ध वाक्य तर वेल्सनं स्वतःचं घातलेलं आहे, ग्रीनचं नाही.

तर भाऊ, तुमच्या मित्रांना आधी सांगायचं असेल तर एवढंच सांगा की युद्ध नुकतंच संपलंय, शहराचे चार वाटे झालेत आणि पेनिसिलिन तेव्हा सहजासहजी मिळत नव्हतं. बाकी काही सांगू नका.


उत्तर_कसबा_अण्णा:

ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून पाळण्याचा सीन परत लावून पाहिला. हॅरी बोलता बोलता पोट दुखतंय म्हणून गोळी खातो आणि ही गोळी आता युरोपात कुठं मिळत नाही म्हणून कुरकुरतो. स्वतःच्या पोटाला औषध मिळत नाही याची तक्रार तो करतोय. लिहिणाऱ्यानं किती सहज टाकलंय हे.

शेवटच्या शॉटबद्दल थोडं. ग्रीनला शेवट गोड हवा होता, हॉली आणि अ‍ॅना एकत्र चालत जातात असा. रीड अडून बसला. म्हणून आपण जो पाहतो तो शेवट, अ‍ॅना लांबून चालत येते, सगळा रस्ता चालत येते, हॉली वाट बघत उभा, आणि ती मान न वळवता त्याच्या समोरून निघून जाते. पुढं ग्रीननं स्वतः छापून मान्य केलं की रीडचंच बरोबर होतं. ताई म्हणतात तशी शरम आपल्याला वाटते, पण अ‍ॅनाला हॅरीनं काय केलं ते सगळं माहीत असूनही ती मित्राचा घात करणाऱ्याला माफ करत नाही. तिचं बरोबर का त्याचं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.


जुळे_सोलापूरची:

अण्णा, माझं मत स्पष्ट आहे, हॉलीचं बरोबर. पण अ‍ॅनाच्या जागी मी असते तर मी पण थांबले नसते. तिची कागदपत्रं खोटी, रशियन तिला घेऊन जायला टपलेले, आणि हॅरीनं निदान तिला पासपोर्ट करून दिला होता. तिच्याकडं देण्यासारखी निष्ठा सोडून दुसरं काही उरलेलंच नाही.


फ्लॅश_नको:

गटाराचं एक सांगायचं राहिलं. ती खरीच व्हिएन्नाची गटारं आहेत, पण वेल्सला तिथं उतरायला अजिबात नको होतं त्यामुळं त्याचा बराच भाग इंग्लंडमध्ये शेपर्टन स्टुडिओत सेट लावून घेतला. कुठला शॉट कुठला ते मला अजून ओळखता येत नाही आणि एवढं जुळवून घेणं हे केवढं काम आहे हे आम्हा लोकांना कळतं, दोन हॉलमधलं एकच लग्न जुळवताना घाम फुटतो. आणि रस्त्यावरच्या जाळीतनं हॅरीची बोटं वर येतात ना, वारा वाहतोय आणि नुसती बोटं, ती बोटं कॅरल रीडची आहेत.


होम_मैदान:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं ते असं, हॉलमध्ये लावतो, चादर दुहेरी, मागं काळं कापड, आमच्या शाळेतल्या सरांकडनं मोठा स्पीकर आणतो, ब्रिटिश आवृत्ती आहे का ते सुरुवातीच्या आवाजावरनं तपासतो आणि ताईंनी सांगितलेल्या तीनच गोष्टी आधी बोलतो. एकच अडचण राहिली. आमच्यातले काहीजण मध्यंतराशिवाय बसणार नाहीत, चहा आणि शेंगाचटणी-भाकरी ठेवलेली आहे. मूळ पिक्चरला मध्यंतर नाही. कुठं थांबवू?


हुतात्मा_तिसरी_घंटा:

खिडकीतला दिवा लागतो, हॅरी हसतो, हॉली चौकापर्यंत धावत जातो आणि चौक रिकामा, तिथं मधोमध फक्त तो जाहिराती चिकटवलेला गोल खांब उभा. तिथं थांबवा. साधारण निम्म्याच्या थोडं पुढं येतं ते. चहा पिताना सगळे एकच विचारतील, गेला कुठं, आणि उत्तर त्यांच्या डोळ्यासमोरच होतं, गटारात उतरायचं दार त्या खांबातच आहे.


उत्तर_कसबा_अण्णा:

मी मध्यंतराच्या विरोधात आहे, पण घ्यायचंच असेल तर हीच जागा. भाकरी मात्र आधी उरकून घ्या, नुसता चहा ठेवा, दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. आणि दिवे लावू नका बरं, एखादा झिरोचा बल्ब पुरे, डोळे अंधाराला सरावलेले राहू देत.


होम_मैदान:

पटलं अण्णा. भाकरी साडेसातला, पिक्चर साडेआठला, मध्यंतर त्या खांबापाशी. तुम्ही पण या, सात रस्त्यापासनं पाच मिनिटांवर आहे, पत्ता मेसेजमध्ये टाकतो. ताई, तुम्ही पण दुकान बंद करून या, पहिला अर्धा तास चुकला तरी चालेल, तुम्हाला वॉर्डाच्या सीनपर्यंत नक्की पोचता येतंय.


जुळे_सोलापूरची:

शनिवारी दुकान भाच्यावर सोडते आणि सुरुवातीपासनं येते. तारा थरथरतात ते मला मोठ्या पडद्यावर बघायचंय.